खडूची रेघ आणि माझे २२ लाख

ठाण्यातल्या कोलशेतच्या गावठाणातलं ते जुनं घर मला पाहताक्षणी आवडलं. विकणाऱ्याने ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत फरशीवर खडूने रेघ ओढली. "ह्या दोन खोल्या माझ्या, पलीकडे धाकटा भाऊ. बिनधास्त या." एजंट मान डोलवत होता. मी २२ लाख मोजले, दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत नोंदवलं. नोंदणी झाली की मालकी पक्की, अशी माझी भाबडी समजूत. तिथे मालकी कुणी तपासत नाही, हे नंतर कळलं.

खतात 'अविभक्त अर्धा हिस्सा' असं स्वच्छ लिहिलं होतं, म्हणजे वाटणी न झालेल्या घरातला अर्धा वाटा, ठरावीक खोल्या नव्हेत. मी वाचून सही केली होती, बोलणार कुणाला?

चावी घेऊन गेलो तर दाराला धाकट्याचं कुलूप. त्याची बायको बाहेर आली. "भाऊ, आमच्या घरात तुमचं काय काम?" फरशी धुतलेली, रेघेचा मागमूस नाही.

वकील म्हणाले, बाईंचं बरोबर आहे. वाटणी न झालेल्या कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार त्याला घरच्यांसोबत ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावायचा. आणि तो लावला, की १८९३च्या वाटप कायद्याचं कलम ४ पुढे येतं: घरचे म्हणू शकतात, ह्याचा हिस्सा आम्हीच घेतो. किंमत कोर्ट ठरवणार. म्हणजे माझ्याच दाव्यातून मीच बाहेर!

खरा दणका पुढेच होता. त्या भावांचे वडील मृत्युपत्र न करता गेले, आई आधीच गेलेली. वारस नोंदीत दोन भावांचीच नावं लागली, दोन्ही बहिणी गाळल्या. मी विचारलं होतं हो! "आमच्यात बहिणी हिस्सा मागत नाहीत," एवढ्यावर गप्प बसलो. नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हणालो असतो, तर तिथेच पितळ उघडं पडलं असतं. बहिणी धरल्या तर विकणाऱ्याचा हिस्सा अर्धा नाहीच, चतकोर.

समाईक घर घ्यायचंच असेल, तर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, नाहीतर आधी नोंदणीकृत वाटणीपत्र करून मागा. एजंटला तेवढा धीर नसतो.

गेल्या तारखेला विकणारा ठाणे कोर्टाच्या जिन्यात भेटला. "मी माझा हिस्सा विकला. यात फसवणूक कसली?"

"कुठला? अर्धा की चतकोर?" मी विचारलं.

तो चहा प्यायला निघून गेला.