बदामाच्या आकाराचा सिलिकॉन मोल्ड : चार स्टार, एक साबणापायी कापला

व्हॅलेंटाईनला यंदा चॉकलेटं घरीच करायची असं ठरवलं आणि १५ खणांचा सिलिकॉनचा मोल्ड मागवला, बदामाच्या आकाराचा (पत्त्यातला बदाम, खायचा नाही, हे घरात दोनदा सांगावं लागलं). तीनदा वापरून झालाय म्हणून आता लिहितेय.

चॉकलेट सुटतं मात्र झकास. मागून बोटाने ढकललं की टुपकन बाहेर, टोकासकट. लहानपणी आईकडे पत्र्याचा साचा होता, एका कडेला पोचा आलेला, तो ओट्यावर आपटून आपटून चॉकलेटं काढावी लागायची आणि चार-पाच बदामांची टोकं हमखास आतच राहायची. अख्खे निघाले ते डब्यात, तुटलेले आमचे, असा नियम, त्यामुळे मी आणि ताई आईच्या दोन बाजूंना उभ्या राहून मनातल्या मनात "तूट, तूट" करायचो. ताई तर ऐन आपटायच्या वेळी कोपराने हळूच धक्का द्यायची, आईला हे अजून माहीत नाहीये.

असो, मोल्ड. फारच लुळा आहे, भरून तसाच उचललात तर सगळं ओट्यावर, आधी ताटात ठेवा मग भरा. दुकानातल्यासारखी चमक येत नाही, ती हवी असेल तर कडक पॉलिकार्बोनेटचा साचा घ्या. आणि वास! सिलिकॉन साबणाचा वास धरून ठेवतं, माझी पहिली बॅच अक्षरशः भांड्याच्या लिक्विडसारखी लागत होती. आता बिनवासाच्या साबणाने आणि गरम पाण्याने धुते, पण हे पाकिटावर लिहायला काय झालं होतं?

"चॉकलेटवर पांढरे पट्टे आले, मोल्ड बेकार" अशी तक्रार बऱ्याच जणांची दिसली, तर त्यात मोल्डची काही चूक नाही हो. टेंपरिंग केलं नाही की कोको बटर (चॉकलेटमधलं फॅट) वर येऊन पट्टे दिसतात. टेंपरिंग म्हणजे डार्क चॉकलेट ४५ ते ५० डिग्रीपर्यंत वितळवायचं, ढवळत ढवळत २७-२८ वर आणायचं, मग परत ३१-३२ पर्यंत गरम करून ओतायचं, थर्मामीटर लागतोच, अंदाजपंचे जमत नाही. एवढा खटाटोप नको असेल तर कंपाउंड चॉकलेट घ्या, त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती फॅट असतं म्हणून टेंपरिंग लागत नाही. पण कोको बटर ३४ डिग्रीच्या आसपास वितळतं म्हणून खरं चॉकलेट तोंडात टाकल्या टाकल्या विरघळतं, कंपाउंड जरा मेणासारखं रेंगाळतं. मला नाही आवडत.

आणि मोल्ड एकदम कोरडा पाहिजे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये चार थेंब पाणी गेलं तरी त्याचा रवाळ गोळा होतो. आईचं एकदा तसंच झालं, वाफेचं पाणी भांड्यात गेलं. आम्हाला वाटलं आता बोलणी बसणार, तिने शांतपणे त्यात गरम दूध ओतलं, घोटलं आणि कपांत भरून दिलं, त्या वर्षी बाबांचं व्हॅलेंटाईन कपातून आलं.

काल तिसरी बॅच काढली, १५ च्या १५ अख्खे, एकाचंही टोक गेलं नाही. ताईला फोटो पाठवला तर दोन मिनिटांत रिप्लाय, "मस्त गं. तुटलेले कुठायत?"