प्रायव्हेट कॉलेज काउन्सिलर लावली होती, २,७०० डॉलर वसूल झाले का?

गेल्या वर्षभरात सहा-सात जणींनी तरी हेच विचारलं, की अगं तुम्ही लेकीच्या कॉलेज अर्जांसाठी पैसे देऊन सल्ला देणारी काउन्सिलर लावलेली ना, मग आम्ही पण लावावी का? प्रत्येकीला फोनवर पाऊण तास सांगून सांगून घसा बसला म्हणून आता एकदाच लिहून काढते. बाईंचं नाव लिहीत नाही, कारण थोडी तक्रार पण करणारे आणि माणूस म्हणून त्या चांगल्या आहेत.

आम्ही न्यू जर्सीत, लेक इथल्या पब्लिक हायस्कूलला, २०२४ च्या फॉलमध्ये (म्हणजे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत) अप्लाय केलं. मी आणि नवरा दोघंही महाराष्ट्रात शिकलेलो, त्यामुळे आमच्या डोक्यात अ‍ॅडमिशन म्हणजे बारावीचे मार्क, कॉलेजच्या बोर्डावर लागलेली लिस्ट आणि अर्ध्या टक्क्याने हुकलेली सीट. कटऑफ किती ते सांगा, बाकी आम्ही बघतो. इथे कटऑफ नावाची गोष्टच नाही हे पचायला मला सहा महिने लागले. शाळेची काउन्सिलर भली बाई आहे हो, पण तिच्या एकटीच्या गळ्यात चारशेच्या आसपास मुलं (त्यांची राष्ट्रीय संघटना म्हणते एकीमागे २५० असावीत), आपल्या वाट्याला वर्षातून दोनदा वीस मिनिटं. म्हणून मग मार्च २०२४ मध्ये, लेक अकरावीत असताना, या प्रायव्हेट काउन्सिलर बाईंचं बारा तासांचं पॅकेज घेतलं, सगळं झूमवर.

पहिल्या मीटिंगला मी वही घेऊन बसलेले. आमच्या ओळखीतल्या एकांचा मुलगा २०२१ मध्ये चांगल्या कॉलेजला लागला होता, त्याच्या आईने दिलेले सगळे मंत्र त्यात लिहिलेले. एक नंबरचा मंत्र, एसएटी (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) देऊच नका, हल्ली कोणी बघत नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, हे कुठल्या वर्षीचं? मग त्यांनी एक शीट उघडली, त्यात प्रत्येक कॉलेजपुढे यंदाचा नियम आणि तो कधी तपासला ती तारीख. एमआयटीने एसएटी २०२२ मध्येच परत सक्तीची केलेली, डार्टमथ, येल, ब्राउन आणि टेक्सासचं ऑस्टिन कॅम्पस यांनी नुकतंच त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जाहीर केलं होतं, त्यातही येलला एसएटीऐवजी एपीचे (शाळेतल्या कॉलेज पातळीच्या विषयांच्या परीक्षांचे) मार्क पण चालणार. उलट यूसीवाल्यांना, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी युनिव्हर्सिटीला, स्कोअर पाठवला तरी ते बघणार नाहीत. आणि गंमत म्हणजे महिन्याभरातच हार्वर्ड आणि कॅलटेक दोघांनी एकाच दिवशी यू टर्न मारला, हार्वर्डने तर आधी पुढची काही वर्षं ऑप्शनलच राहील म्हणून सांगून ठेवलेलं! कॉर्नेलने पण सक्ती परत आणली पण ती पुढच्या बॅचपासून. म्हणजे एकाच घरात दोन मुलं एका वर्षाच्या अंतराने असतील तर दोघांचे नियम वेगळे. हे सगळं कॉलेजांच्या साइटवर फुकट असतं, मान्य, पण पंधरा कॉलेजांचं दर महिन्याला कोण तपासणार, मी तर नसतं तपासलं. माझ्या मते पैसे इथेच वसूल झाले.

एसएटीच्या बाबतीत त्यांनी आमचे पैसे वाचवले हे पण सांगायला हवं. मी हजार-बाराशे डॉलरचा क्लास लावायला निघालेले. त्या म्हणाल्या थांबा, परीक्षा आता लॅपटॉपवर आहे, अमेरिकेत मार्च २०२४ पासून कागदाची बंदच झाली, सव्वादोन तासांची आहे आणि पहिल्या भागात कसं केलं त्यावर दुसरा भाग सोपा येणार की अवघड ते ठरतं. म्हणजे त्याच ओळखीच्यांकडून आणलेले कागदी परीक्षेच्या सरावाचे जाडजूड गठ्ठे थेट रीसायकलिंगला. परीक्षावाल्यांच्याच ब्लूबुक अ‍ॅपवर फुकट सराव परीक्षा दिल्या, जिथे अडली तिथे ऑनलाइन शिकवणारी खान अकॅडमी, तेही फुकट, १३८० वरून १४९० वर आली. स्वतःच्या धंद्यातल्या माणसाने क्लास लावू नका म्हणणं मला फार आवडलं.

कॉलेजची लिस्ट करताना मात्र बरीच खडाजंगी झाली. नवऱ्याचं एकच, कॉम्प्युटर सायन्स (सीएस) आणि टॉपचं नाव. बाईंनी लेकीला विचारलं की शाळा सुटल्यावर तू कोणी न सांगता काय करतेस. ती रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवायला मदत करते, आणि पोरं 'मी वॉक केलं', 'आई मला पिक कर' असलं काय काय बोलतात ते एका वहीत लिहून ठेवते, हे मला स्वतःला माहीत नव्हतं!! तिथून इलिनॉय युनिव्हर्सिटीचा कॉम्प्युटर सायन्स आणि लिंग्विस्टिक्स (भाषाशास्त्र) असा जोड कोर्स लिस्टमध्ये आला. त्याच वेळी हेही कळलं की काही कॉलेजांत दुसऱ्या मेजरमधून (मुख्य विषयातून) शिरून मग सीएसला उडी मारू हा आपला देशी जुगाड जवळपास चालतच नाही, ज्यात जायचंय त्यातच अप्लाय करावं लागतं. कॉमन अ‍ॅपवर (बऱ्याच कॉलेजांना एकच अर्ज भरायची साइट) अ‍ॅक्टिव्हिटी दहाच लिहिता येतात आणि वर्णनाला १५० अक्षरं, त्यात ती वही बसवायला माय-लेकींना अख्खी संध्याकाळ लागली.

आता तक्रार. पॅकेजमध्ये निबंध तपासून देणारा त्यांचा एक सहकारी होता. कॉमन अ‍ॅपचा मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. लेकीने पहिला ड्राफ्ट लिहिला तो वेडावाकडा होता, मधेच आजीचं बोलणं, मधेच पोरांचे जोक. तिकडून परत आला तो इस्त्री करून. लेक म्हणाली, आई हे छान आहे पण हे कोणीतरी चाळीस वर्षांच्या माणसाने लिहिलंय. आणि खरंच, तिचं एक वाक्य राहिलं नव्हतं. चॅटजीपीटीकडून निबंध लिहून घेऊन आपला म्हणून दिला तर कॉमन अ‍ॅप २०२३ पासून तो फ्रॉडमध्ये धरतं, मग माणसाने लिहून दिलेला कसा चालेल, असं मी विचारलं तर उत्तर गोलमोल. शेवटी ती परत पहिल्या ड्राफ्टवर गेली. बारातले चार तास त्यात पाण्यात. शिवाय १ नोव्हेंबरच्या डेडलाइनच्या तोंडावर दहा दिवस ईमेलला उत्तर नाही, त्या दिवसांत घरात काय वातावरण होतं ते विचारू नका.

पैशांचं त्यांनी उत्तम समजावलं. अर्ली डिसिजन (ईडी) म्हणजे लागलं की जायचंच, मग दुसऱ्या कोणाची ऑफर बघून तुलना करायची सोय नाही, म्हणून आधी प्रत्येक कॉलेजचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला किती पडेल त्याचा अंदाज) भरून घ्यायला लावला. तो आकडा बघून नवऱ्याने स्वतःहून ईडीचा विषय सोडला, लग्नाला वीस वर्षं झाली पण इतक्या पटकन माघार कधी बघितली नव्हती. आमचा धाकटा दोन वर्षांनी कॉलेजला जाणार, तर दोघं एकदम असले की फाफ्सामध्ये (सरकारी आर्थिक मदतीच्या फॉर्ममध्ये) आधी जी सूट धरली जायची ती नव्या फॉर्ममध्ये गेलीये, फक्त सीएसएस प्रोफाइल (आर्थिक मदतीचा आणखी एक फॉर्म) घेणारी काही कॉलेजं अजून ते बघतात. हे मला तरी दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं.

आणि एक, प्रवेश देताना वंश बघायला बंदी घालणाऱ्या जून २०२३ च्या अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आपल्याकडे सगळीकडे कुजबुज होती की आता आपल्या मुलांना सोपं जाणार. मी पण आशेने विचारलं. त्या म्हणाल्या मला माहीत नाही आणि जो सांगेल त्याला पैसे देऊ नका. इथे हा धंदा करायला कुठलं लायसन्स लागत नाही, उद्या मी पण पाटी लावू शकते, त्यामुळे अ‍ॅडमिशनची गॅरंटी देणारा भेटला तर उठून चालू लागा.

निकाल विचारणारच तुम्ही. अकरा ठिकाणी अप्लाय केलं, पाच होकार, इलिनॉयचा तो जोड कोर्स पण मिळाला, पण दुसऱ्या राज्यातली फी आणि इन-स्टेटची फी शेजारी शेजारी मांडल्यावर लेक आमच्याच राज्यातल्या रटगर्स युनिव्हर्सिटीला गेली, तिथे सीएससोबत लिंग्विस्टिक्सचे क्लास घेतेय आणि मजेत आहे. त्यात बाईंचा वाटा किती आणि तिचा किती हे मला खरंच सांगता येणार नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार. धाकट्यासाठी बाईंकडे परत जाणार, पण पॅकेज नको, सुट्टे तीन-चार तास, फक्त लिस्ट आणि पैशांचा हिशोब. निबंध घरीच, वेडावाकडा झाला तरी. ती शीट माझ्याकडे आहे, मागणाऱ्यांना पाठवते, फक्त तारखेचा कॉलम आधी पुसून सगळं नव्याने तपासा, त्यातलं सगळं २०२४ चं आहे.