अडकलेली बिअर: ऊब द्यायची की नवं यीस्ट घालायचं?

घरच्या बिअरचं आंबणं मध्येच अडकलंय, हायड्रोमीटर (घनतेवरून उरलेल्या साखरेचा अंदाज देणारं उपकरण) १.०२० वरच थांबलाय आणि काय करावं सुचत नाही? आकडा रिफ्रॅक्टोमीटरचा (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाचा) असेल तर तो धरूच नका. अल्कोहोल तयार झालं की तो दुरुस्तीशिवाय जास्तच दाखवतो.

ऊब देणं फुकटात होतं. एल (उबदार तापमानात आंबणारी बिअर) असेल तर तापमान २०-२२ अंश सेल्सिअसवर न्यायचं आणि भांडं हलकेच फिरवून तळाशी बसलेलं यीस्ट वर आणायचं. झाकण उघडावं लागत नाही, त्यामुळे जंतुसंसर्गाची आणि ऑक्सिजनची भीती कमी. दोन-तीन दिवसांत आकडा हलायला हवा. तोवर बाटल्या भरायच्या नाहीत, फुटतात.

नवं यीस्ट खर्चाचं आणि खटपटीचं. कोरडं यीस्ट नुसतं वरून भुरभुरवलं तर बरेचदा वाया जातं, कारण समोर अल्कोहोल असतं आणि पोषण संपत आलेलं. थोड्या वर्टमध्ये (माल्टच्या न आंबलेल्या गोड पाण्यात) स्टार्टर करायचा, म्हणजे यीस्ट आधी जागं करून वाढवायचं, आणि तो जोरात फसफसत असतानाच ओतायचा.

थंडीने यीस्ट सुस्तावलं असेल तर ऊब पुरे. बिअर कडक (जास्त अल्कोहोलची) असेल किंवा यीस्ट मुळातच कमी, जुनं असेल, तर मी सरळ स्टार्टर करेन. मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढणं) ७० अंशांवर झाला असेल तर मात्र दोन्ही उपाय फारसे चालत नाहीत. उरलेले डेक्स्ट्रिन (स्टार्चचे मोठे तुकडे) नेहमीच्या यीस्टला पचत नाहीत.