कुत्र्याच्या कानांसाठी घरगुती वनौषधी तेल: साधं घ्या, ‘स्पेशल’ नको

चिपळूणला एका प्रदर्शनात घरी केलेल्या औषधी तेलांचा स्टॉल होता, तिथून दोन बाटल्या आणल्या. एक साधं तेल, म्हणजे खोबरेलात कडुनिंबाचा पाला कढवून गाळलेलं. दुसरे ‘स्पेशल कानाचे थेंब’. त्यात हळद, लसूण आणि टी ट्री ऑइल.

आमची चिंगी कॉकर स्पॅनियल आहे. लांब, लोंबते, केसाळ कान. कोकणातल्या पावसाळ्यात ते कान कोरडे राहतच नाहीत आणि गोचिडींना लपायलाही तीच जागा आवडते.

साधं तेल मला मनापासून आवडलं. कापसाच्या बोळ्यावर थोडं घेऊन कानाच्या आतल्या बाजूच्या घड्यांवरून फिरवलं की वाळलेला मळ सुटून येतो, केसांचा गुंताही मोकळा होतो. वास कडवट असला तरी चिंगी शांत बसते. नंतर कोरड्या कापडाने नीट टिपून घ्यायचं, तेलाचा थर ठेवायचा नाही.

हे झालं बाहेरच्या भागाचं. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग पडद्याकडे आडवी वळते. त्या वळणापलीकडे गेलेलं तेल सहज बाहेर येत नाही. इअर बड घातला तर मळ आणखी आत ढकलला जातो.

‘स्पेशल’ थेंब मात्र मी चिंगीला लावलेच नाहीत. टी ट्री ऑइल कुत्र्यांना विषारी ठरू शकतं. लसूणही त्यांना बाधतो, आणि कानातून ओघळलेलं तेल पंज्याला लागलं की ते चाटणारच. बाटलीवर लिहिलंय, ‘कान फुटणे, खाज, किडे, सर्वांवर गुणकारी’. हे वाचून मी खरंच अस्वस्थ झाले. कान फुटला असेल तर पडद्याला भोक असू शकतं. अशा कानात डॉक्टरांनी तपासल्याशिवाय काहीही घालू नये.

जाऊबाईंच्या लॅब्रॅडॉरला मात्र हेच थेंब घातले गेले. तो डोकं झटकत होता, कानाला आंबूस वास येत होता. डॉक्टरांकडे नेला तेव्हा कान आतून हळदीने पिवळाधमक, तेलकट. तपकिरी चिकट मळ असेल तर बहुधा यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, कॉफीच्या चोथ्यासारखा काळा असेल तर कानातले माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे, असा अंदाज रंगावरून बांधता येतो. इथे रंगच कळेना. आधी सगळं धुऊन काढलं, मग दुर्बिणीने पाहिलं, मळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. यीस्ट निघालं. तेलाने ते जाणार नव्हतं. वेळ गेला आणि तोवर बिचारा कान खाजवून रक्त काढत राहिला.

नळीच्या सफाईसाठी आम्ही आता डॉक्टरांनी दिलेलं पातळ इअर क्लीनर वापरतो. कानात भरायचं, बुडाशी पचपच आवाज येईपर्यंत चोळायचं, मग कुत्र्याला डोकं झटकू द्यायचं आणि वर आलेला मळ कापसाने टिपायचा. हे अंगणातच करा, भिंतीपर्यंत शिंतोडे उडतात.

साध्या तेलाला पाचपैकी चार. ‘स्पेशल’ला शून्य. स्टॉलवरच्या ताईंना मी फोन करून लसूण आणि टी ट्री काढायला, आणि ‘कान फुटणे’ हे शब्द बाटलीवरून खोडायला सांगितलंय. त्यांनी ऐकून घेतलं, पण बदल झालाय का ते पुढच्या प्रदर्शनात बघेन. तोवर घेताना बाटलीमागची घटकांची यादी वाचूनच घ्या.