मिंदार की श्यान-अर?
मैत्रिणीचा प्रश्न, रोबोटकडून धम्म ऐकायचा तर जपानमधल्या क्योतोच्या कोदाइजी मंदिरातला मिंदार बरा की बीजिंगच्या लाँगछ्वान मठातला श्यान-अर. २०१९ च्या मिंदारवर जवळपास १० कोटी येन गेले, श्यान-अर म्हणजे दोन फुटी पिवळा बाळभिक्खू, छातीवर टचस्क्रीन. मिंदारचा चेहरा नि हात सिलिकॉनचे, बाकी वायरी उघड्याच, आपण यंत्र आहोत हे तो लपवत नाही आणि मला तेच फार आवडतं. बुद्धांनी चेतनेलाच, म्हणजे मनातल्या हेतूलाच, कर्म म्हटलंय, ती दोघांतही नाही, म्हणजे उत्तर चुकलं तर जबाबदार माणूसच, मिंदारचं प्रवचन ठरलेलं असल्याने ती भीती कमी. शून्यता, म्हणजे कशालाच स्वतःचं कायमचं स्वरूप नाही ही शिकवण, शांतपणे ऐकायची तर मिंदार, पोरांना धम्माची ओळख करून द्यायला श्यान-अर, आणि घरात कोणी गेलं असेल तर सरळ भंतेजींकडे जा.