पत्र्याची शेड, नसलेलं अर्थिंग आणि माझे 38,700 रुपये

20,000 फोनवरून अ‍ॅडव्हान्स आणि 18,700 रोख. घरामागे गाडीसाठी पत्र्याची शेड उभी केली, तिच्या वायरिंगचे हे पैसे. पक्कं बिल नाही, कारण वायरमन म्हणाला, 'बिल घेतलंत तर 18 टक्के जीएसटी पडेल'. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

वायरची कॉइल बॉक्सशिवाय आली. म्हणाला, बॉक्स पावसात भिजला. ती कॉइल मी स्वतः एका हाताने उचलून कट्ट्यावर ठेवली. तिथेच कळायला हवं होतं! चार स्क्वेअर एमएमच्या 90 मीटर कॉइलमध्ये नुसतं तांबंच सव्वातीन किलोच्या आसपास भरतं आणि ही कॉइल पोकळ असावी इतकी हलकी. तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. पण ही वजनं घरमालकाला कोण सांगतं? माणूस ओळखीतून आलेला, गल्लीतल्या दोन घरांत त्याचंच काम. मी दरात घासाघीससुद्धा केली नव्हती.

आत अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. ब्लेडने खरवडा, पांढरं दिसलं की परत पाठवा. चुंबकाने काही कळत नाही, दोन्ही धातू चिकटत नाहीत.

अर्थिंगचे वेगळे 8,500 घेतले. चेंबर बांधलं, वर झाकण बसवलं, मीठ-कोळसा भरल्याचं सांगितलं. टेस्ट लॅम्प लावून फेज आणि अर्थमध्ये दिवाही पेटवून दाखवला. पेटणारच, कारण सॉकेटमध्ये न्यूट्रलचाच, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचाच, तुकडा अर्थच्या पिनला जोडला होता. पहिल्या पावसात न्यूट्रलचा सांधा सैल झाला आणि अख्ख्या पत्र्यात करंट उतरला. बायकोने शटरला हात लावला आणि ती मागे फेकली गेली. वाचली. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, मी मागितला होता, तर 'शेडला कशाला?' म्हणाला. लोखंडी शेडलाच तो आधी लागतो. दुसऱ्या वायरमनने चेंबर उघडलं. आत दीड फुटाचा अँगलचा तुकडा, बाकी मुरूम.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. वीज कंपनीच्या कार्यालयात सांगितलं, मीटरच्या पुढचं तुमचं तुम्ही बघा. जिल्ह्याच्या कार्यालयात विचारलं, 'अपघातात कोणी गेलं का?' नाही म्हटल्यावर अर्जच बाजूला. म्हणजे माणूस मेल्याशिवाय कागद हलणार नाही? अर्जाची पोच मागितली तर साहेब मीटिंगला. फोटो दाखवले, तर वायर त्यानेच घातली याचा पुरावा काय, म्हणून मलाच उलटा सवाल. परवाना नसलेला माणूस तालुकाभर वायरिंग करत फिरतो, हे यांच्यापैकी एकालाही ठाऊक नसेल?

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. रोख देऊ नका. परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट आणि अर्थ टेस्टरचं ओहममधलं रीडिंग लेखी हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. आणि पत्र्याची शेड आधीच असेल, तर मेन स्विच बंद करून जाणत्या वायरमनकडून आजच सॉकेट उघडून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले दिसले, तर तिथली वीज चालू करू नका.