ईजीआर बदलल्याचे पैसे घेतले, व्हॉल्व्ह मात्र माझाच जुना

सिंहगड रोड भागातल्या एका गॅरेजने माझ्याकडून ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा धूर इंजिनात परत सोडणारी झडप), डीपीएफचा, म्हणजे काजळीच्या फिल्टरचा, प्रेशर सेन्सर, मजुरी वगैरे मिळून ३९,२०० रुपये घेतले. दोष शेवटी निघाला एका रबरी पाइपात, आणि तो पाइप साडेतीनशे रुपयांना मिळाला. व्हॉल्व्ह तर बदललाच नव्हता. माझाच जुना धुऊन परत बसवला होता. तक्रार चालू आहे म्हणून गॅरेजचं नाव लिहीत नाही. पण ही पद्धत एकाच ठिकाणची नाही, हे नंतर चार लोकांशी बोलल्यावर कळलं, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय. बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) डिझेल गाडी असणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गाडी २०२० च्या अखेरीस घेतलेली डिझेल एसयूव्ही. त्या वर्षी १ एप्रिलपासून बीएस-६ सक्तीचं झालं, त्यामुळे सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवून ठेवणारा फिल्टर, आलाच. माझा वापर बहुतेक धायरी ते कर्वेनगर, मुलीचा क्लास, भाजी. अशा छोट्या फेऱ्यांत एक्झॉस्ट धड तापत नाही आणि फिल्टरमधली काजळी जळायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. हायवेला एकसारख्या वेगात पंधरा-वीस मिनिटं गाडी पळाली की ते काम आपोआप होतं. वडगाव पुलाखालच्या कोंडीत ते होत नाही. एवढी माहिती मला होती, म्हणून डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तेव्हा मी गॅरेजच्या मालकाला पहिल्यांदा हेच विचारलं, की काजळी साठली असेल का.

त्याने स्कॅनर लावला, दोषाचे दोन कोड आले: पी०४०१ आणि पी२४५३. लगेच म्हणाला, "साहेब, ईजीआर गेलाय आणि प्रेशर सेन्सरपण. मशिनच सांगतंय, मी नाही सांगत."

फसवणूक नेमकी याच वाक्यात सुरू होते. मशिन तसं सांगत नाही. पी०४०१ चा अर्थ इतकाच, की एक्झॉस्टचा जेवढा धूर परत इंजिनात यायला हवा तेवढा येत नाहीये. ज्वलनाचं तापमान कमी राहावं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार व्हावेत म्हणून ईजीआर हा धूर मोजून आत सोडतो. तो कमी येतोय याचं कारण व्हॉल्व्हवर बसलेला कार्बन असू शकतं, चोंदलेला कूलर असू शकतं, वायरिंग असू शकतं, हवा मोजणारा सेन्सर चुकीचा आकडा देत असेल तर तेही असू शकतं. तसंच पी२४५३. डीपीएफच्या प्रेशर सेन्सरकडून येणारा आकडा अपेक्षित मर्यादेत बसत नाही, एवढंच तो सांगतो. सेन्सर मेला असं त्यात कुठेही नाही. कोड हा तपासाचा पत्ता असतो. गॅरेजवाले तोच निकाल म्हणून वाचून दाखवतात.

त्यात भीतीही घातली. "असंच फिरवलं तर पीयूसी होणार नाही आणि दंड दहा हजार." दंडाची रक्कम खरी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये प्रदूषणासाठी दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीची रेस वाढवून धुराची घनता मोजतात, आणि माझी पीयूसी वैध होती. खरी गोष्ट अर्धीच सांगायची आणि माणसाला घाबरवायचं, याचा मला आजही संताप येतो.

संध्याकाळी गॅरेजमधल्या पोराने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला: काढलेला व्हॉल्व्ह, तोंडाशी डांबरासारखा कार्बनचा थर. खाली मेसेज, "सर बघा किती खराब झालाय." हा फोटो पुढे फार उपयोगी पडला. व्हॉल्व्हचे २२,५००, सेन्सरचे ८,२००, डीपीएफ रीजनचे, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळण्याचे, ४,०००, मजुरी ४,५००. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी वर पडेल, आणि कच्च्या पावतीवर आकडे लिहून दिले. पैसे मी यूपीआयने दिले. जुने पार्ट मागितले तेव्हा उत्तर आलं, "ते कंपनीला परत द्यावे लागतात." वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडे जातो हे खरं. पूर्ण पैसे मोजून बदललेला पार्ट ग्राहकाचा असतो, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. त्यावर पोरगा शोधायला आत गेला आणि भंगारवाला घेऊन गेला असं सांगत बाहेर आला.

दिवा विझला होता. तो विझणारच. स्कॅनरने कोड पुसला की दिवा लगेच जातो. त्यानंतर गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, पुन्हा आपल्या तपासण्या करतो आणि दोष तसाच असेल तर पुढच्या एक-दोन फेऱ्यांत तो पुन्हा पकडतो. गॅरेजवाल्याला तेवढाच वेळ पुरतो.

सासवडला वडिलांना घेऊन निघालो होतो. बोपदेव घाटाच्या चढावर दिवा पुन्हा लागला आणि गाडी लिम्प मोडमध्ये गेली, म्हणजे तिने स्वतःच ताकद कमी केली. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी पिकअप नाही, मागे टँकर, शेजारी छातीचा त्रास असलेले वडील. कसेबसे वर पोहोचलो.

गॅरेजवर गेलो तर मालकाचा सूर बदललेला. आता डीपीएफच गेला म्हणे. नवा नव्वद हजार. "नाहीतर काढून टाकू ना साहेब. आतून पोकळ करतो, सॉफ्टवेअर मारतो, पस्तीस हजारात कायमची कटकट मिटली. सगळे करतात." हे सरळ बेकायदेशीर आहे. कंपनीने ज्या स्वरूपात गाडीला मान्यता घेतली ते बदलायला कलम ५२ मनाई करतं. कायदा बाजूला ठेवला तरी ती सगळी काजळी नवले पुलावर दुचाकीवरून जाणाऱ्यांच्या छातीत जाते. माझी मुलगी याच रस्त्याने क्लासला जाते. मी गाडी तिथून काढली.

मित्राने नाना पेठेतल्या एका वायरिंगवाल्या चाचांकडे पाठवलं. स्पेअर पार्टच्या दुकानांमधल्या बोळात त्यांचं छोटंसं काम चालतं. त्यांनी केलं ते मी शेजारी उभं राहून पाहिलं आणि ते सगळ्यांना माहीत असायला हवं.

आधी त्यांनी कोड वाचून वहीत लिहिले, पुसले नाहीत. मग कोड पडला त्या क्षणीचे आकडे पाहिले. स्पीड किती होता, इंजिन किती तापलं होतं, लोड किती होता, हे सगळं ईसीयू साठवून ठेवतो. त्याला फ्रीज फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तेही पुसलं जातं, आणि पहिल्या गॅरेजने ते न पाहताच पुसलं असणार. मग किल्ली ऑन, इंजिन बंद, आणि स्क्रीनवर डीपीएफचा प्रेशर. शून्य. "बरोबर आहे. बंद गाडीत शून्यच पायजे." मग इंजिन चालू करून मला रेस द्यायला सांगितली. आकडा जेमतेम हलला. चाचा म्हणाले, "सेन्सर खोटं नाय बोलत, साहेब. त्याच्यापर्यंत दाबच येत नाय."

या सेन्सरला दोन पाइप असतात. एक डीपीएफच्या आधीच्या बाजूचा, एक नंतरचा. दोन्हींतला फरक मोजून फिल्टर किती चोंदलाय हे गाडी ठरवते. चाचांनी आधीच्या बाजूचा रबरी पाइप क्लिपेपाशी बोटाने वाकवला. उष्णतेने रबर कडक होऊन तिथे अर्ध्या घेरात चीर पडली होती. सरळ असताना दिसत नव्हती, वाकवल्यावर तोंड उघडायची. शेजारच्या पट्टीवर काजळीचा पंख्यासारखा डाग पडला होता, म्हणजे धूर कित्येक दिवस तिथूनच बाहेर जात होता. नवा पाइप टाकला, पुन्हा रेस दिली, आकडा रेसबरोबर चढला आणि उतरला. पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यातून खेड शिवापूरच्या पुढपर्यंत एका लयीत गाडी पळवली, रीजन पूर्ण झालं. ज्याचे नव्वद हजार सांगितले होते तो डीपीएफ ठणठणीत आहे.

मग मी त्यांना नवा व्हॉल्व्ह दाखवला. चाचांनी टॉर्च मारला आणि विचारलं, "नवा कुठंय?" गॅस्केट जुनंच, दबून चपटं झालेलं, कडेला कार्बनची रेघ. व्हॉल्व्हच्या अंगावर लेबल होतं. मी फोनमधला तो 'किती खराब झालाय' वाला फोटो मोठा करून पाहिला. त्यातही लेबल दिसत होतं. सीरियल नंबर तोच. एकेक आकडा जुळला.

ईजीआर धुणं यात गैर काहीच नाही. मोटर आणि पोझिशन सेन्सर चांगले असतील तर कार्बन साफ करून व्हॉल्व्ह पुन्हा नीट चालतो, आणि स्कॅनरवरून त्याला उघड-बंद व्हायची आज्ञा देऊन तो खरंच किती उघडतोय हे तपासताही येतं. धुण्याचे पैसे मागितले असते तर मी आनंदाने दिले असते. त्याने धुतला आणि नव्याचे घेतले.

पेट्रोल गाडीवाल्यांनाही हाच खेळ वेगळ्या पार्टवर खेळून दाखवतात. पी०४२० आला, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कमी पडतोय असा कोड आला, की तो कन्व्हर्टर आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सर एकदम सांगतात. नेहमीचा झिर्कोनिया सेन्सर असेल तर गरम इंजिनावर पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ मध्ये भराभर वरखाली व्हायला हवा आणि मागचा बऱ्यापैकी स्थिर राहायला हवा. हे स्क्रीनवर दाखवायला लावा. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट कुठे गळत असेल तर बाहेरची हवा आत जाऊन चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो. ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा कोड असेल तर आधी फ्यूज आणि कनेक्टर. पर्ज व्हॉल्व्ह (पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) खराब म्हणत असतील तर त्याचा वायरिंगचा कनेक्टर काढून त्यातून फुंकून बघायला सांगा. करंट नसताना तो बंदच असतो, हवा आरपार गेली तर तो खराब.

मी परत त्या गॅरेजवर दोन्ही फोटो घेऊन गेलो. मालक आधी आवाज चढवून बोलला, मग पोराची चूक म्हणाला, मग बिलच दिलं नाही म्हणाला. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा आहे. कच्च्या पावतीवर त्याचं अक्षर आहे, यूपीआयवर त्याचं नाव आहे, आणि व्हॉट्सॲपवरचा फोटो त्याच्याच माणसाने पाठवलेला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तक्रार नोंदवली आणि हे सगळं जोडलं. त्यानंतर व्हॉल्व्हचे २२,५०० परत आले.

सेन्सरचे आणि मजुरीचे पैसे द्यायला तो अजून तयार नाही. चांगला सेन्सर न तपासता काढला, आणि तो मला परतही दिला नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं. चाचांनी त्यांच्या तपासणीचे आकडे तारखेसह लेटरहेडवर लिहून सही करून दिलेत. कोणाकडे अशाच व्हॉल्व्हचे किंवा सेन्सरचे आधीचे-नंतरचे फोटो असतील तर त्यावरचे सीरियल नंबर आजच जुळवून बघा.